लिनक्सवर बसून विंडोजसाठी स्कीम: माझा अनुभव

पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या एका पुस्तकाच्या दुकानासाठी मी साठ्याची नोंद ठेवणारा प्रोग्राम लिहिलाय, स्कीम या लिस्प घराण्यातल्या प्रोग्रामिंग भाषेत. माझा लॅपटॉप लिनक्सचा, दुकानातला संगणक विंडोज १०. कोथरूडहून एकच ईएक्सई (विंडोजवर थेट चालणारी) फाइल न्यायची आणि तिथे चालवायची, दुकानात कंपायलर (कोडचा चालणारा प्रोग्राम करून देणारं साधन) थाटायचा नाही, हे आधीच ठरलं होतं.

भाषा निवडताना एसबीसीएल, म्हणजे कॉमन लिस्प भाषेचा एक कंपायलर, डोक्यात होतं. पण तो चालू असलेल्या लिस्पची मेमरी जशीच्या तशी फाइलमध्ये उतरवतो. म्हणजे विंडोजची ईएक्सई हवी तर विंडोजचाच एसबीसीएल कुठेतरी चालवावा लागणार. चिकन हा स्कीमचा कंपायलर कोडचं सी भाषेत रूपांतर करून देतो आणि ते सी मिनजीडब्ल्यू हा विंडोजसाठी प्रोग्राम बनवणारा कंपायलर लिनक्सवरच कंपाइल करतो. म्हणून चिकन ५ घेतलं.

खरा विचार करावा लागला तो मॅक्रोंचा, म्हणजे कोड लिहून देणाऱ्या कोडचा. मॅक्रो कंपाइल होतानाच चालतात, म्हणजे माझ्या लिनक्सवर. कॉन्ड-एक्स्पांडला (कंपाइल होताना अटीनुसार कोड निवडणाऱ्या रचनेला) फीचरचे पर्याय देऊन ‘लक्ष्य विंडोज आहे’ असं सांगता येतं, पण मॅक्रोच्या आत एखादी फाइल आहे का बघितलं किंवा सॉफ्टवेअर-टाइप (कुठल्या प्रकारच्या सिस्टिमवर चालू आहोत ते) विचारला, तर उत्तर लिनक्सचंच मिळतं. म्हणून नियम केला: मॅक्रोने फक्त कोडचा आकार ठरवायचा, मशीनबद्दलचे प्रश्न प्रोग्राम सुरू झाल्यावर विचारायचे. या एका नियमाने पुढची बरीच डोकेदुखी वाचली.

स्कीममधून सीची फंक्शन्स वापरताना ‘लाँग’ हा सीचा पूर्णांकाचा प्रकार कुठेही वापरला नाही. ६४ बिटच्या लिनक्सवर तो ८ बाइटचा असतो, ६४ बिटच्या विंडोजवर ४ बाइटचाच. सगळीकडे इंटिजर६४ (नेहमीच ८ बाइटचा पूर्णांक) लिहिलं.

मग आली फाइलच्या नावांतली देवनागरी, आणि तिथे मला सगळ्यात जास्त रस होता. साठ्याचा डेटाबेस सांभाळणारं एसक्यूलाइट फाइलचं नाव यूटीएफ-८ मध्येच (सगळ्या लिप्या सामावणाऱ्या अक्षर-संकेतात) घेतं, विंडोजवरही, त्यामुळे डेटाबेस बिनबोभाट उघडला. पण ‘विक्री_चैत्र.सीएसव्ही’ ही यादी एफओपन या सीच्या साध्या फंक्शनने उघडली जाते आणि तिथे विंडोजचं जुनं कोडपेज (एखाद्या लिपीच्या अक्षरांना आकडे नेमून देणारा तक्ता) मधे येतं. फाइलच्या नावांसाठी वापरता येईल असं देवनागरीचं जुनं कोडपेज विंडोजकडे नाहीच! रोमन नावं ठेवून वेळ मारून नेता आली असती, पण मराठी पुस्तकांच्या दुकानात ते मला पटेना. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रामबद्दल विंडोजला सूचना देणाऱ्या छोट्या फाइलमध्ये) ‘कोडपेज यूटीएफ-८’ असं लिहिता येतं. तो मॅनिफेस्ट विंडरेस या मिनजीडब्ल्यूसोबतच्या साधनाने ईएक्सईत बसवला आणि नावं नीट उमटली.

एसक्यूलाइटचं सीही त्याच ईएक्सईत स्टॅटिक (कायमचं आतच) जोडलं, वेगळी डीएलएल, म्हणजे सोबत न्यावी लागणारी लायब्ररी फाइल, नको म्हणून. रोजची चाचणी वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या साधनात) होते. देवनागरी नावांची शेवटची खात्री मात्र दुकानातल्या संगणकावरच करतो, कारण वापरणार तिथेच.