पूर्वजांचा शोध कोणत्या इगर्जीपासून (चर्चपासून) सुरू करावा?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. कधी टोरांटोहून, कधी लंडनहून, कधी इथल्याच वांद्र्याहून एकच प्रश्न येतो: "आमचे पणजोबा गोव्याचे. आडनाव फर्नांडिस. गाव ठाऊक नाही. चर्चच्या जुन्या वह्यांत सापडतील का?"

सापडू शकतात, पण नुसतं आडनाव घेऊन गोव्यात उतरू नका. सोळाव्या-सतराव्या शतकात धर्मांतराच्या वेळी कुटुंबाला बहुधा बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचं किंवा धर्मपित्याचं (बाप्तिस्म्याला साक्षी राहणाऱ्या 'गॉडफादर'चं) आडनाव मिळे. त्यामुळे उत्तर गोव्यातल्या बार्देश तालुक्यातल्या आणि दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यातल्या फर्नांडिसांत रक्ताचं नातं असेलच असं नाही. एकाच गावातल्या दोन वाड्यांवरचे, म्हणजे वस्त्यांवरचे, फर्नांडिसही वेगळे असतात. माणूस गाठायचा तर गाव हवं, आणि जमलं तर वाडाही.

ते गाव मिळतं पणजोबा जिथे पोहोचले तिथे. नैरोबी, झांझिबार, कराची, मुंबई, जिथे कुठे लग्न लागलं असेल, त्या चर्चमधली लग्नाची नोंद आधी मिळवा. कॅथलिक लग्नाआधी बाप्तिस्म्याचा दाखला पाहिला जातो, म्हणून त्या कागदांत मूळ चर्चचं नाव बरेचदा असतं. १९०८ पासून तर उलटी वाटही आहे. त्या वर्षी लागू झालेल्या पोपच्या फर्मानाप्रमाणे लग्न लावणाऱ्या पाद्र्याने वधूवरांच्या बाप्तिस्म्याच्या चर्चला कळवायचं आणि तिथे मूळ नोंदीच्या समासात ते लग्न टिपायचं. म्हणजे १९२५ साली कराचीत झालेलं लग्न गोव्यातल्या शिवोलीच्या चर्चच्या वहीत, नवऱ्या मुलाच्या बाप्तिस्म्याशेजारी, बारीक अक्षरात लिहिलेलं असू शकतं. या समासांवर माझा फार जीव आहे. समुद्रापार गेलेल्या मुलाची खबर गावाने तिथे जपली आहे.

पणजोबा तारवटी, म्हणजे बोटीवर कामाला असतील, तर मुंबईतली त्यांची कूड कोणती ते घरात विचारा. धोबीतलावच्या आसपास गोव्यातल्या गावागावाची अशी वसतिस्थानं होती, काही आजही आहेत. ज्या गावाची कूड, त्याच गावच्या माणसांना तिथे जागा. कुडीचं नाव कळलं की गाव कळलंच. आजी कोणत्या संताच्या फेस्ताची (गावच्या चर्चच्या सणाची) आठवण काढायची, हाही चांगला धागा.

गाव कळल्यावरही चर्च नीट तपासा. बार्देशातल्या साळगावचं 'मायें द देवस' चर्च १८७३ सालचं. त्याआधी तिथल्या कुटुंबांच्या नोंदी नागवा या शेजारच्या गावासारख्या ठिकाणच्या चर्चमध्ये होत. गोव्यात सरकारी जन्ममृत्यू नोंदणी १९१४ पासूनची, त्यामागचं सगळं चर्चच्या वह्यांत. बऱ्याच जुन्या वह्या आता पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत. भाषा पोर्तुगीज, पण मजकूर ठरावीक साच्याचा असल्यामुळे वीस-पंचवीस शब्द शिकलात तरी वाचता येतं.

या वह्यांचं मोल मला एका गोष्टीसाठी विशेष वाटतं. आपल्याकडच्या जुन्या कुलवृत्तांतांत मुलगी कुठे दिली एवढ्यावर तिची ओळ संपते. इथे बाप्तिस्म्याच्या अनेक नोंदींत आईचं नाव तर असतंच, पण आजी-आजोबाही दोन्हीकडचे असतात. म्हणून आईच्या आईचं गाव शोधणाऱ्यांना मी जास्त उत्साहाने मदत करतो. तो शोध इतर कागदांतून फार कठीण.

मंगळूरच्या ख्रिस्ती कुटुंबांना मात्र मला वाईट बातमी द्यावी लागते. इन्क्विझिशन (पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय), दुष्काळ आणि मराठ्यांच्या स्वाऱ्या यांमुळे त्यांचे पूर्वज गोवा सोडून दक्षिणेला गेले. १७८४ मध्ये टिपूने तिथल्या ख्रिस्ती लोकांना श्रीरंगपट्टणला कैदेत नेलं आणि चर्चेस पाडली. वाचलेले लोक परतले ते १७९९ मध्ये टिपू पडल्यावर. त्या कैदेच्या पलीकडचा माग चर्चच्या नोंदींतून क्वचितच लागतो. तिथे घरात जपलेलं प्रभू, कामत, शेणै असं जुनं आडनाव आणि मूळ गावाची ऐकीव आठवण यांवरच भिस्त ठेवावी लागते. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ते आजच लिहून घ्या.

आणि चर्चला पत्र लिहाल तेव्हा पूर्ण नाव, आई-वडिलांची नावं, वाडा आणि पाच-सात वर्षांच्या टप्प्यातला अंदाज द्या. 'सगळे फर्नांडिस पाठवा' असं लिहिलेल्या पत्राचं कोणताही विगार, म्हणजे चर्चचा मुख्य पाद्री, काही करू शकत नाही.