माहिती फुटली, झोप उडाली: इंग्लंडच्या कोर्टात मनस्तापाची किंमत

‘तुमची वैयक्तिक माहिती चुकून दुसऱ्याच पत्त्यावर गेली’ असं पत्र येतं. खिशातून पैसे गेलेले नसतात, पण झोप उडालेली असते. इंग्लंडमध्ये अशा नुसत्या मनस्तापाचीही भरपाई मागता येते. मात्र तो मनस्ताप कोर्टाला दाखवावा लागतो आणि बहुतेक दावे तिथेच ढिले पडतात.

पूर्वी एवढंही सोपं नव्हतं. १९९८ च्या डेटा संरक्षण कायद्यात मनस्तापाची भरपाई साधारणपणे आधी दुसरं नुकसान सिद्ध केलं तरच मिळायची. २०१३ च्या हॅलिडे खटल्यात नुकसानीपोटी नाममात्र १ पौंड आणि मग मनस्तापापोटी ७५० पौंड मिळाले. ही अट २०१५ मध्ये विडाल-हॉल विरुद्ध गूगल खटल्यात अपील कोर्टाने काढून टाकली. आताच्या २०१८ च्या कायद्यात, कलम १६८ मध्ये, मनस्ताप हा शब्दच आहे.

रकमेचा अंदाज घ्यायला टीएलटी खटला (२०१६) बघावा. ब्रिटनच्या गृहखात्याने आकडेवारीसोबत सुमारे १,६०० आश्रयार्थींची माहिती असलेली स्प्रेडशीट चुकून संकेतस्थळावर चढवली. मायदेशातल्या यंत्रणेच्या हाती आपला ठावठिकाणा लागेल, ही त्या लोकांची भीती खरी होती. सहा दावेदारांना प्रत्येकी २,५०० ते १२,५०० पौंड मिळाले. मानसिक इजेच्या खटल्यांत किती देतात, हे न्यायाधीशांनी ताडून पाहिलं होतं. उलट २०२१ च्या रॉल्फ खटल्यात शाळेच्या थकीत फीचा ईमेल भलत्याच व्यक्तीला गेला, तिने लगेच कळवून तो पुसला, आणि दावा पूर्ण सुनावणीआधीच फेटाळला गेला.

सरसकट आकडाही चालत नाही. लॉइड विरुद्ध गूगलमध्ये सुमारे ४० लाख आयफोनधारकांसाठी माणशी ७५० पौंडांचा हिशेब सुचवला होता. प्रत्येकाचं काय बिघडलं हे न सांगता तो मिळणार नाही, असं ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये ठरवलं.

दावेदारांना खरा दिलासा ऑगस्ट २०२५ च्या फार्ली निकालाने दिला. ससेक्स पोलिसांची पेन्शन विवरणपत्रं जुन्या पत्त्यांवर गेली होती. पाकीट कोणी उघडलं याचा पुरावा नाही म्हणून हायकोर्टाने बहुतेक दावे फेटाळले होते. अपील कोर्ट म्हणालं, मनस्ताप अमुक इतका गंभीर हवा अशी अट नाही. पण गैरवापराची भीती सयुक्तिक हवी. निव्वळ ‘काहीही होऊ शकतं’ पुरत नाही. हा निकाल मला फार न्याय्य वाटतो.

म्हणून पहिल्या दिवसापासून टिपणं ठेवा: कळलं कधी, त्या रात्री काय झालं, कोणाला मेसेज केला, कुलूप किंवा बँक खातं बदललं का, जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) गेलात का. जीपीची नोंद आणि तेव्हाचे मेसेज यांचं वजन नंतर लिहिलेल्या प्रतिज्ञापत्रापेक्षा जास्त. वकिलाने शंभर जणांसाठी छापलेला ‘मला तीव्र मानसिक त्रास झाला’ हा मजकूर उलटतपासणीत टिकत नाही. कंपनीकडून आपली सगळी माहिती लेखी मागवा. तिला सहसा एक महिना मिळतो. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांकडे तक्रार जरूर करा, पण ते कार्यालय भरपाई देत नाही.

छोटा दावा हायकोर्टात नेऊ नका. २०२१ च्या जॉन्सन खटल्यात मागणी ३,००० पौंडांपर्यंतची आणि खर्चाचा अंदाज ५०,००० च्या वर. तो काउंटी कोर्टात, म्हणजे खालच्या दिवाणी कोर्टात, पाठवला गेला. १०,००० पौंडांपर्यंतचे दावे सहसा स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या दाव्यांच्या सोप्या प्रक्रियेत, जातात, तिथे जिंकलात तरी वकिलाची फी जवळजवळ वसूल होत नाही. दावा लावायची मुदत सामान्यतः सहा वर्षं.

भारतात असा दावा लावता येईल का, असं पुण्या-मुंबईचे वाचक विचारतात. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात दंड २५० कोटींपर्यंत आहे, पण तो भारताच्या संचित निधीत जमा होतो. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई देण्याची तरतूद त्यात नाही. आयटी कायद्यातलं भरपाईचं कलम ४३-ए वगळण्याची तरतूद मात्र त्यातच आहे.