अण्णांचा नवा कागद कोरा येईना

अण्णांची हयात जकार्ड मागावर, म्हणजे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून नक्षी उमटवणाऱ्या मागावर, चादरी विणण्यात गेली. निवृत्तीनंतर सोसायटीचं सचिवपद गळ्यात पडलं आणि त्यापायी कॉम्प्युटरही. एका संध्याकाळी त्यांचा फोन आला, "बाळा, नवा कागद काढला की त्यावर जुनंच पत्र येलालंय."

मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही जुनीच फाइल उघडताय." ते म्हणाले, "नाही रे, नवाच काढलालोय." दोन दिवस मी फोनवर तेच ऐकवत राहिलो. तिकडे अण्णा दर वेळी ते अख्खं पत्र खोडून त्याच जागी नवं लिहीत होते.

रविवारी अशोक चौकाजवळच्या त्यांच्या घरी गेलो. माउस त्यांच्याच हातात ठेवला. त्यांनी वर्ड उघडलं, 'ब्लँक डॉक्युमेंट'वर टिचकी मारली. वर नाव 'डॉक्युमेंट 1', म्हणजे कधीच सेव्ह न झालेला कागद, आणि खाली पाणीपट्टीच्या थकबाकीचं पत्र! अण्णा पहिल्या दिवसापासून अगदी बरोबर सांगत होते. मला फार वाईट वाटलं.

वर्डमधला प्रत्येक कोरा कागद 'नॉर्मल' नावाच्या एका मूळ साच्यावरून निघतो. 2007 च्या आवृत्तीपासून त्या फाइलच्या नावाचं शेपूट 'डॉटएम' असतं. प्रत्येक पत्रावर सोसायटीचं नाव यावं म्हणून घरातल्या एका मुलाने हा साचाच उघडून त्यात शीर्षक टाकलं होतं. त्याच खिडकीत अण्णांनी पत्र लिहिलं आणि सेव्ह केलं. हे मी सांगत होतो तोच अण्णा म्हणाले, "म्हणजे नक्षी पुठ्ठ्यातच गेली की! मग चादर कितीही नवी काढ, फूल तेच येणार." याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

काम थोडकं होतं. विंडोजची खूण असलेलं बटण आणि आर एकत्र दाबून, येणाऱ्या चौकटीत इंग्रजीत %ॲपडेटा% लिहायचं. मग मायक्रोसॉफ्ट, त्यात टेम्प्लेट्स. हा फोल्डर एरवी लपलेला असतो, म्हणून शोधून सापडत नाही. नाव बदलायला गेलो तर फाइल वापरात आहे म्हणे. वर्ड मागे उघडंच होतं. ते बंद करून 'नॉर्मल'चं 'नॉर्मल जुनी' केलं. फाइल मुद्दाम पुसली नाही, कारण मॅक्रो (नेहमीच्या कामांसाठी साठवलेल्या आज्ञा) आणि स्वतः बनवलेल्या स्टाइल्स (अक्षरांच्या ठरवलेल्या धाटण्या) त्यातच असतात. वर्ड पुन्हा सुरू केलं की नवा साचा ते आपणहून बनवतं. कागद स्वच्छ कोरा आला. अण्णा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

पण मराठी अक्षरांची निवडही जुन्या साच्याबरोबर गेली. कंट्रोल-डी दाबल्यावर फाँटची चौकट येते. मराठीसाठी त्यातला 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'चा रकाना भरावा लागतो, वरचा इंग्रजीचा नव्हे. तिथे आकार 14 केला आणि 'सेट ॲज डिफॉल्ट'मध्ये सगळ्या कागदांचा पर्याय निवडला.

राहिलं शीर्षक. ते अण्णांनी स्वतः टाइप केलं, 'सेव्ह ॲज'मध्ये प्रकार 'वर्ड टेम्प्लेट' निवडला, नाव दिलं 'सोसायटी'. आता 'न्यू'मधल्या 'पर्सनल'खाली तो साचा दिसतो आणि टिचकी मारली की त्याची प्रत उघडते, मूळ साचा तसाच राहतो. खात्री पटेना म्हणून अण्णांनी लागोपाठ चार कागद काढले. चौथा बंद करताना आत हाक दिली, "याला भाकरी आणि शेंगाचटणी वाढा, मी एवढं थकबाकीचं पत्र लिहून येतो."