नावाहो नेशनमध्ये दुकान उघडायचं म्हणजे

शनिवारी सकाळी गॅलपमधल्या मोठ्या सुपरमार्केटबाहेर गाडी लावायला जागा मिळत नाही. एकाला एक लागून पिकअप ट्रक उभे असतात. कुणाच्या मागे पाण्याची प्लास्टिकची टाकी, कुणाच्या मागे गवताचे गठ्ठे, डायपरचे खोके, ब्लू बर्ड पिठाची पोती. ही माणसं चिनली, क्राउनपॉइंट, विंडो रॉक अशा गावांतून आलेली असतात. काहींना नुसत्या किराण्यासाठी जायला दीड-दोन तास आणि यायला तेवढाच वेळ लागतो.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही न्यू मेक्सिकोतल्या या वीस-बावीस हजार वस्तीच्या गावात राहतो. गाव नावाहो नेशनच्या, म्हणजे नावाहो या अमेरिकेतल्या मूळनिवासी लोकांच्या स्वशासित प्रदेशाच्या, हद्दीला अगदी खेटून आहे, पण हद्दीच्या बाहेर. नावाहो माणसाचा पगार हद्दीच्या आत होतो आणि खर्च इथे होतो. गॅलप, फार्मिंग्टन, फ्लॅगस्टाफ, पेज ही सगळी गावं त्यावर पोसली आहेत. आमच्या गल्लीतल्या टायरच्या दुकानापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांचं गिऱ्हाईक तेच.

मग आतच दुकानं का नाहीत, हा प्रश्न मला इथे आल्यापासून पडलेला होता. नावाहो नेशन काही छोटं नाही. अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत मिळून सुमारे सत्तर हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव भागापेक्षा जरासंच कमी. नोंदणीकृत सदस्य चार लाखांच्या आसपास. स्वतःचा अध्यक्ष, २४ जणांची कौन्सिल, कोर्ट, पोलीस सगळं आहे. आणि भाजीपाल्यासकट सगळं मिळेल अशी किराण्याची दुकानं सगळी मिळून तेरा-चौदा!

उत्तर मला फ्ली मार्केटमध्ये मिळालं. गॅलपचा हा शनिवारचा बाजार म्हणजे आपला आठवडी बाजारच. तिथे एक साठीच्या बाई निखाऱ्यावर मटण भाजून, गरम तव्याच्या भाकरीत हिरवी मिरची आणि बटाट्यासोबत गुंडाळून देतात. हात इतका सराईत की बोलता बोलता चार गिऱ्हाइकं होतात. एकदा मी विचारलं, तुमच्या गावात तुम्ही खानावळ का काढत नाही? त्या म्हणाल्या, “जागा आहे, पैसे साठवलेत, पोरं मदतीला आहेत. कागद नाही.”

तो कागद म्हणजे बिझनेस साइट लीज, धंद्याच्या जागेचा भाडेपट्टा. इथली बहुतेक जमीन नावाहोंसाठी अमेरिकेच्या सरकारच्या नावावर, ट्रस्टमध्ये आहे. १८६४ मध्ये सैन्याने या लोकांना घराबाहेर काढून शेकडो किलोमीटर चालवत बॉस्के रेडोंडोच्या छावणीत नेलं आणि चार वर्षं डांबून ठेवलं. १८६८ च्या तहाने ते आपल्या भूमीत परत आले. ही जमीन विकता येत नाही म्हणूनच ती अजून त्यांच्याकडे आहे. पण जी विकता येत नाही ती गहाणही टाकता येत नाही, आणि गहाण नाही तर बँक कर्जाला हात लावत नाही. आपल्याकडे आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीच्या घशात जाऊ नये म्हणून जमीन महसूल संहितेत ३६ अ कलम आहे. ते किती गरजेचं आहे हे पालघर-नंदुरबारकडच्या कुणालाही विचारा. तिथल्या माणसालाही धंद्यासाठी कर्ज काढताना हीच भिंत आडवी येते.

त्यात इथे चराईचे परवाने आहेत. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या सरकारने जमिनीची धूप थांबवायची म्हणून नावाहोंच्या मेंढ्या सक्तीने कमी केल्या, मारल्यासुद्धा, आणि कुणी किती जनावरं राखायची याचे परवाने दिले. ते परवाने आज नातवंडा-पतवंडांत वाटले गेलेत. हमरस्त्यालगतच्या एवढ्याशा तुकड्यावर दुकान टाकायचं तरी त्या परवानाधारकांची संमती लागते. मग चॅप्टरचा ठराव. चॅप्टर म्हणजे इथली ग्रामसभा, असे ११० आहेत. मग मोजणी, पुरातत्त्व खात्याचा दाखला, पर्यावरणाचा दाखला. त्यानंतर वीज-पाण्याची जोडणी, जी कुठे कुठे काही मैलांवरून आणावी लागते. यात वर्षं जातात. त्या बाईंच्या बाबतीत एक परवानाधारक चुलतभाऊ दूरच्या शहरात स्थायिक झालाय आणि त्याची सही अडलीय.

नावाहो सरकार हातावर हात ठेवून बसलेलं नाही, हे मात्र आवर्जून सांगते. १९२३ मध्ये पहिली कौन्सिल बसवली गेली तीच तेल सापडल्यावर, कंपन्यांच्या लीजवर अधिकृत सही करायला कुणीतरी हवं म्हणून. तिथून हे लोक कुठवर आले बघा. चांदी-फिरोजाच्या दागिन्यांना आणि गालिच्यांना रास्त भाव मिळावा म्हणून १९४१ मध्ये त्यांनी स्वतःची आर्ट्स अँड क्राफ्ट्स एंटरप्राइज काढली. १९५९ मध्ये वीज-पाण्याची स्वतःची कंपनी काढली. कॅसिनोला लोकांनी १९९४ आणि १९९७ मध्ये मतदानातून नकार दिला होता, पुढे मत बदललं आणि २००८ मध्ये गॅलपजवळ पहिला कॅसिनो सुरू झाला. सरकारी कामांच्या ठेक्यांत पूर्णपणे नावाहो मालकीच्या धंद्यांना पहिला मान, असा कायदा आहे. धंद्याच्या लीजला वॉशिंग्टनची मंजुरी लागायची, ती अट २००० च्या केंद्रीय कायद्याने सैल झाली आणि पुढे हा अधिकार विंडो रॉककडे, म्हणजे नावाहोंच्या राजधानीकडे, आला.

तरी माझं मत असं आहे की इतकी वर्षं सगळी भिस्त मोठ्या गोष्टींवर राहिली. कोळसा त्यातला सगळ्यात मोठा. पेजजवळचं नावाहो जनरेटिंग स्टेशन हे वीजकेंद्र आणि त्याला कोळसा पुरवणारी केयेंटाची खाण २०१९ मध्ये बंद झाली. शेकडो चांगल्या पगाराच्या नोकऱ्या गेल्या, तिजोरीतलं मोठं उत्पन्न गेलं. आजूबाजूला छोटे धंदे उभे असते तर त्या घरांना आधार झाला असता.

याच केयेंटाने दुसरी वाटही दाखवली आहे, आणि त्याबद्दल मला फार आदर वाटतो. १९८५ मध्ये कौन्सिलने तिथली साडेपाच चौरस मैलांहून थोडी जास्त जमीन चराईतून बाहेर काढून गावठाणासारखी वेगळी ठेवली. १९९० च्या दशकात केयेंटा टाउनशिप रीतसर उभी राहिली. निवडून आलेलं कमिशन, स्वतःचा विक्रीकर, हद्दीतल्या जागा लीजवर द्यायचा अधिकार. दर कागदासाठी विंडो रॉकचे दरवाजे ठोठवायला नकोत. आज मॉन्युमेंट व्हॅलीकडे जाताना केयेंटात हॉटेलं, पेट्रोल पंप, सुपरमार्केट, टपऱ्या दिसतात. तिथल्या बर्गर किंगमध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या नावाहो कोड टॉकर्सचं, म्हणजे आपल्या भाषेतल्या सांकेतिक शब्दांत लष्करी निरोप देणाऱ्या नावाहो सैनिकांचं, छोटं प्रदर्शन आहे. रांगेत उभे असलेले पर्यटक ते वाचत पुढे सरकतात.

गिऱ्हाइकाने दिलेला कर तिथेच राहतो आणि त्यातून गावाचे रस्ते होतात, हे लोकांना डोळ्यांनी दिसतं. इतर चॅप्टरनाही हे जमायला हवं असं मला मनापासून वाटतं. पण मेंढ्या राखून जगणाऱ्या आजी-आजोबांना चराईची जमीन सोडा म्हणणं सोपं नाही, आणि ज्यांच्या आधीच्या पिढीने सरकारी माणसांना मेंढ्या मारताना पाहिलं त्यांच्या संशयाला कारण आहे.

करांचा आणखी एक प्रयोग मला आवडतो. २०१४ मध्ये कौन्सिलने ताज्या भाज्या-फळांवरचा विक्रीकर काढला आणि शीतपेयं, चिप्स अशा खाण्यावर दोन टक्के जादा कर बसवला. मधुमेह इथे घरोघरी आहे. ते पैसे चॅप्टरना मिळतात आणि त्यातून परसबागा, चालायच्या वाटा, व्यायामाचे वर्ग चालतात. अर्थात ताजी भाजी मिळेल असं दुकान जवळ असेल तरच सवलतीचा उपयोग, म्हणजे पुन्हा गाडी लीजवर येऊन थांबते.

तुमच्यापैकी पुष्कळ जण मुलांकडे अमेरिकेत येता तेव्हा अँटिलोप कॅन्यन आणि मॉन्युमेंट व्हॅली करता. दोन्ही जागा नावाहोंच्या आहेत. अँटिलोप कॅन्यनमध्ये परवानाधारक नावाहो टूर कंपनीच्या गाइडशिवाय जाता येत नाही. मॉन्युमेंट व्हॅलीचा पार्क नावाहोंनी १९५८ मध्ये स्वतः स्थापन केला, त्यामुळे अमेरिकन नॅशनल पार्कचा वार्षिक पास तिथे चालत नाही. तिकीट वेगळं काढावं लागतं. मुक्काम आणि जेवण शक्यतो हद्दीच्या आत करा. दागिने रस्त्याकडेच्या लाकडी मांडवात, करणाऱ्याच्या हातून घ्या, आणि जवळ रोख पैसे ठेवा. उन्हाळ्यात नावाहो नेशनचं घड्याळ बाकीच्या अ‍ॅरिझोनाच्या तासभर पुढे असतं, तेवढं टूरची वेळ ठरवताना विचारून घ्या.