मोरव्यासाठी सेसना १५२ : इंजिनाचा हिशोब

विमान जवळपास ठरलं. १९८० सालची सेसना १५२, व्हीटी (म्हणजे भारतीय) नोंदणीची, मध्य भारतातल्या एका हँगरात बरीच वर्षं उभी. घेणारे आम्ही तिघं: मी वरोऱ्याचा, डॉक्टर वणीचे आणि हिंगणघाटचे जिनिंगवाले शेठ. तिघांकडेही पीपीएल, म्हणजे खासगी वैमानिकाचा परवाना आहे. विमान चंद्रपूरजवळ मोरव्याच्या धावपट्टीवर ठेवायचा मनसुबा आहे. कोणतं विमान घ्यावं हा वाद आता संपलाय. सगळी चर्चा इंजिनावर येऊन थांबली आहे, आणि जुन्या हलक्या विमानात पैसा खरोखर तिथेच असतो.

बाहेरून विमान का आणत नाही, असं बऱ्याच जणांनी विचारलं. जुनी विमानं आयात करायला डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) वयाचा नियम आहे. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून खासगी वापराच्या विमानावर ४० टक्के जीएसटी लागतो. सुट्या भागांचं तसं नाही, त्यांच्यावर जुलै २०२४ पासून सरसकट ५ टक्के आयजीएसटी आहे. म्हणून विमान इथलंच घ्यायचं आणि लागतील ते भाग बाहेरून मागवायचे, हे आधीच ठरलं होतं.

मालकाचं म्हणणं सरळ होतं. इंजिन लायकमिंग ओ-२३५-एल२सी, ११० अश्वशक्तीचं, टीबीओ, म्हणजे एका ओव्हरहॉलपासून (पूर्ण उकलून केलेल्या दुरुस्तीपासून) पुढच्यापर्यंतची मुदत, २४०० तास. ओव्हरहॉलनंतर फक्त ९०० तास झालेत, म्हणजे १५०० शिल्लक. किंमतही त्या १५०० तासांच्या भरवशावरच लावलेली. आमच्यासोबत नागपूरचे एक निवृत्त एएमई (विमान देखभाल अभियंता) आले होते, आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांनी लॉगबुक हातात घेतलं आणि म्हणाले, "भाऊ, तास मंग पाहू. आंधी साल सांग."

साल निघालं २००८.

लायकमिंगच्या सर्व्हिस इन्स्ट्रक्शन १००९ मध्ये टीबीओचे तास दिलेत, तशीच १२ वर्षांची मुदतही दिली आहे. दोन्हींपैकी जे आधी भरेल ते खरं. म्हणजे या इंजिनाची मुदत २०२० सालीच संपली. विमानाचा मंजूर मेंटेनन्स प्रोग्रॅम त्यावर काय म्हणतो, हा सौद्यातला पहिला प्रश्न असायला हवा, कारण एआरसीचं (उड्डाणयोग्यता तपासणीच्या प्रमाणपत्राचं) नूतनीकरण त्यावरच अडतं. जाहिरातीत मात्र साल कुठेच नसतं, "लो टाइम इंजिन" एवढंच असतं. माझं मत आता पक्कं झालंय: वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या विमानात कमी तास ही जमेची बाजू नाही, तिथूनच संशय सुरू करायचा.

त्याचं कारण इंजिनाच्या रचनेत आहे. लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या (प्रॉपेलर फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्या) वर बसतो. इंजिन बंद केलं की तेल निथळून खालच्या तेलटाकीत (संपमध्ये) जातं आणि कॅम कोरडा पडतो. सेसना १५० मधल्या काँटिनेंटल ओ-२०० मध्ये कॅमशाफ्ट क्रँकच्या खाली असल्यामुळे तो त्रास तुलनेनं कमी. आपल्याकडचे जून ते सप्टेंबर डोळ्यांपुढे आणा. हँगरचं दार अर्धं उघडं, पत्र्याखाली दमट हवा, चिखलामुळे कोणी तिकडे फिरकत नाही. कॅमवर गंजाचा बारीक थर धरतो. दिवाळीनंतर कोणीतरी इंजिन चालू करतो, तेव्हा टॅपेट (कॅमवर टेकून व्हॉल्व्हला ढकलणारा भाग) त्या गंजावरून घासत जातो. पृष्ठभागाचा कडकपणा एकदा गेला की पुढे किती जपलं तरी कॅम झिजतच राहतो.

म्हणून तपासणीचा क्रम काकांनी स्वतः ठरवला. आधी काहीही चालू करायचं नाही. प्लग काढून बोरस्कोप (आत पाहायचा बारीक कॅमेरा) आत. तीन सिलिंडरच्या भिंती बऱ्या होत्या, होनिंगच्या तिरप्या रेषा अजून दिसत होत्या. चौथ्यात गंजाचे ठिपके, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेला रंग एका बाजूनं वेगळा. चांगल्या व्हॉल्व्हवर रंगाची वर्तुळं मध्यावर, सारखी असतात. एक बाजू वेगळी दिसली की तिथून गरम वायू निसटतोय असं समजायचं.

मग सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडून इंजिन चालवलं, गरम केलं आणि कॉम्प्रेशन घेतलं. ज्यांनी ही चाचणी पाहिली नाही त्यांच्यासाठी: ८० पीएसआयची हवा सिलिंडरमध्ये सोडायची आणि आत किती टिकते ते दुसऱ्या गेजवर वाचायचं. आले ७४, ७६, ७२ आणि चौथ्याचा ५८. आकड्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे हवा कुठून निसटते ते ऐकणं. तेल भरायच्या तोंडाशी फुसफुस आली तर रिंगा, कार्बोरेटरकडून आली तर इनटेक व्हॉल्व्ह. इथे आवाज सायलेन्सरमधून येत होता. बोरस्कोपनं सांगितलं तेच कानानं सांगितलं.

आता खरा प्रश्न. फक्त चौथा सिलिंडर दुरुस्त करून, म्हणजे टॉप ओव्हरहॉल करून भागेल का? मालकाचा तोच आग्रह होता, आणि खर्चात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पण ओ-२३५ चे टॅपेट छत्रीच्या आकाराचे आहेत, बाहेरून ओढून काढता येत नाहीत. कॅम नीट पाहायचा तर सिलिंडर काढावा लागतो. चौथा तसाही काढावाच लागणार होता. आम्ही लिहून दिलं की काढायचा-बसवायचा खर्च आमचा, पण आतलं आम्हाला पाहू द्या. मालक तयार झाले, आणि मी त्यांचे मनापासून आभार मानतो. बरेच जण इथेच नाही म्हणतात.

सिलिंडर काढताना एक काळजी घ्यावी लागते. तो निघाला की क्रँककेस (इंजिनाचं मुख्य कवच) आवळून धरणाऱ्या थ्रू-बोल्टवरचा ताण जातो. त्या अवस्थेत कोणी प्रॉपेलर फिरवला तर मुख्य बेअरिंगचे शेल जागचे सरकू शकतात. काकांनी प्रॉपेलरला दोरी बांधून त्यावर लाल फडकं लावलं आणि एक माणूस तिथे उभा ठेवला.

टॉर्चच्या उजेडात कॅमच्या एका लोबवर (उंचवट्यावर) बारीक खड्डे दिसले. समोरच्या टॅपेटच्या तोंडावर खवले सुटलेले. तेलाचा फिल्टर कापला तेव्हा चुंबकाला केसासारखे लोखंडाचे कण लागले होते, ते कुठून आले तेही कळलं. टॅपेट बदलायचा म्हणजे क्रँककेस उकलायची, आणि क्रँककेस उकलली की तो मेजर ओव्हरहॉलच. टॉप ओव्हरहॉलचा विषय तिथेच मिटला.

आता पैसे. आमच्याकडे आलेल्या कोटेशनांवरून वाहतूक, कर, काढणं-बसवणं धरून २८ लाख असा आकडा आम्ही पकडलाय. नवखे भागीदार इथे फसतात असं काका म्हणतात, कारण कोटेशन फक्त इंजिनाचं असतं. इंजिन उतरवल्यावर फायरवॉलच्या (इंजिनामागच्या आगरोधक पत्र्याच्या) पुढे जे जे दिसतं त्याचा खर्च वेगळा: इंजिन माउंटचे रबर, तेलाचे आणि इंधनाचे होज, एक्झॉस्टला गेलेले तडे, बॅफलचे फाटलेले सील, कार्बोरेटर, मॅग्नेटो, प्रॉपेलर. होज आणि रबर तर बसल्या जागी वयानंच जातात. आम्ही ते सगळं २८ मध्येच कोंबलंय, आणि वर काही रक्कम वेगळी राखून ठेवलीय.

हे २८ लाख २४०० तासांनी भागले तर तासाला ११६७ रुपये येतात. विकणारा हाच आकडा सांगतो. पण आपल्यासारखा हौशी माणूस वर्षाला ६० तास उडला तर १२ वर्षांत होतात ७२० तास. मग तोच खर्च तासाला ३८८९ रुपये पडतो. तिघांनी मिळून वर्षाला १२० तास उडवले तर १४४० तास, म्हणजे तासाला १९४४. बिल तर तेवढंच आहे, फरक फक्त उडण्याचा.

तिसरा भागीदार घ्यायचा की नाही यावर डॉक्टर आणि मी बरंच बोललो होतो. त्या वेळी विचार फक्त बिल वाटून घेण्याचा होता. आता मला वाटतं, तिसऱ्या भागीदाराचा मोठा फायदा इंजिनाला आहे. बागायतदार बायकोला माहेरी सोडायला गेला तरी मोटर एकदा चालू करून जातो, तसं कोणी ना कोणी दर पंधरवड्याला उडायलाच हवं. आणि खरोखर उडायला हवं, तेल ८० अंश सेल्सिअसच्या वर जाऊन निदान अर्धा-पाऊण तास टिकायला हवं, म्हणजे आतली ओल वाफ होऊन निघते. जमिनीवर दहा मिनिटं चालवून बंद केलं तर ज्वलनातून आलेलं पाणी आतच राहतं. त्यापेक्षा न चालवलेलं बरं. सलग पाऊस लागला आणि उडणं शक्यच नसलं तर प्रिझर्व्हेटिव्ह तेल, सिलिंडरला सिलिका जेलचे डेसिकंट प्लग आणि उघडी तोंडं बंद. प्लगचा निळा रंग गुलाबी झाला की बदलायचे.

याच कारणानं इंजिन फंड आम्ही तासावर ठेवला नाही. मुदत कॅलेंडर ठरवणार असेल तर वर्गणीही कॅलेंडरनं. २८ लाख, १४४ महिने, तिघं: प्रत्येकी महिन्याला साडेसहा हजारांच्या आसपास. कोणी त्या महिन्यात उडला नाही तरी त्याचे साडेसहा खात्यात जमा. हा नियम कडक वाटेल, पण भागीदारीत यामुळे भांडण टळतं असं माझं ठाम मत आहे.

ओव्हरहॉल कुठे करायचा याचे दोन रस्ते आहेत. एक, इथल्या डीजीसीए मान्यताप्राप्त शॉपमध्ये आपलंच इंजिन पाठवायचं. दुसरा, लायकमिंगच्या विल्यम्सपोर्टच्या कारखान्यातून तयार इंजिन घ्यायचं आणि आपलं जुनं बदल्यात (कोअर म्हणून) द्यायचं. दुसऱ्यात वेळ वाचतो, पण आपला क्रँकशाफ्ट किंवा केस नापास झाली तर कोअरचे पैसे कापले जातात. आणि कारखान्याचं "रीबिल्ट" असेल तरच लॉगबुक शून्यापासून सुरू होतं, ओव्हरहॉल्डचं तसं नाही. आम्ही पहिला रस्ता धरलाय. मात्र शॉपला लेखी विचारलंय की भाग नव्या इंजिनाच्या मापात बसवणार की सर्व्हिस लिमिटमध्ये (चालेल इतक्या झिजेच्या मर्यादेत). दोन्ही कायदेशीर आहेत, पण १२ वर्षांचा विचार केला तर नवं मापच हवं. तेल पंपाच्या इंपेलरबद्दलची एडी (पाळणं सक्तीचं असलेली सुरक्षा सूचना) ९६-०९-१० जुन्या लॉगबुकात पूर्ण झालेली सापडली, ते बरं झालं. एअरफ्रेमची रडर-स्टॉपची एडीही झाली आहे. गंजाची तपासणी बाकी आहे, त्यावर वेगळं लिहीन.

११० अश्वशक्ती आपल्या उन्हात पुरतील का, हाही प्रश्न येतो. मे महिन्यात चंद्रपूरला पारा ४६ वर गेला की डेन्सिटी अल्टिट्यूड (हवा विरळ झाल्यामुळे विमानाला जाणवणारी उंची) साडेचार हजार फुटांच्या आसपास जातं. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची १३ टक्क्यांच्या आसपास ताकद तिथेच गेली, हातात उरतात ९५. दोन माणसं आणि भरलेली टाकी घेऊन दुपारी उडायचंच नाही, हा नियम आधीच लिहून ठेवलाय. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत खाली. यामुळे ओव्हरहॉलचं वेळापत्रकही ठरलं. नवीन सिलिंडरच्या रिंगा बसेपर्यंत इंजिन मिनरल तेलावर आणि भरपूर पॉवरवर चालवावं लागतं, तेव्हा हेडचं तापमान चढतं. ते काम वैशाखात करायचं नाही. दिवाळीपर्यंत इंजिन हातात आलं तर थंडीत ब्रेक-इन होईल. मोरव्याला दुसरी गोष्ट म्हणजे धूळ, औष्णिक केंद्र आणि कोळशाचे ट्रक जवळच. एअर फिल्टर पुस्तकात लिहिलंय त्याच्याआधीच बदलायचा आणि तेलाच्या प्रत्येक नमुन्यात सिलिकॉनचा (आत गेलेल्या धुळीचा) आकडा पाहायचा.

पंपावरचं पेट्रोल का नको, हेही इथेच सांगून टाकतो. या इंजिनाचं कॉम्प्रेशन ८.५ ला १ आहे, त्याला १०० ऑक्टेनच लागतं, आणि आपलं पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं. सील, होज, टाकी सगळ्यालाच ते मारक. अवगॅस १००एलएल (विमानाचं पेट्रोल) २०२२ पासून इंडियन ऑइल वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवतंय, त्यामुळे आयातीवरचं अवलंबणं कमी झालं. त्यातल्या शिशामुळे ओ-२३५ चे खालचे प्लग लवकर भरतात, तेवढं साफ करत राहायचं.

सौद्याचं असं झालं: कॅमचे फोटो, कॉम्प्रेशनचे आकडे आणि २००८ ची लॉगबुकातली नोंद आम्ही मालकांपुढे ठेवली आणि म्हटलं, हे विमान मुदत संपलेल्या इंजिनाचं म्हणून किंमत लावा. थोडी ओढाताण झाली, पण त्यांनी मानलं. इसार दिलाय. कागदावर एक अट आहे, क्रँकशाफ्ट तपासणीत नापास निघाला तर त्याचा निम्मा खर्च त्यांचा. इंजिन पेटीत बांधून शॉपकडे रवाना झालंय. क्रँक आणि केसचा रिपोर्ट आला की आकड्यांसकट इथे लिहितो. तोवर कोणी अलीकडे ओ-२३५ चा ओव्हरहॉल करून घेतला असेल तर नवे सिलिंडर बसवले की जुनेच दुरुस्त केले, आणि आता तेल किती पितंय, तेवढं कळवा.