आंबापोळी खेप ४: चोर घरातच होता

मागच्या तीन खेपांचं रडगाणं तुम्हाला पाठच झालं असेल. दिवसभर गच्चीवर कडक वाळलेली पोळी, सकाळी बघावं तर परत चिकट. नागपुरात, मे महिन्यात, ४५ डिग्रीत! इथे पापड बघता बघता वाळतात अन् माझी पोळी पाच दिवस ताट सोडेना.

आधी साखरेवर संशय, निम्मी केली, फरक शून्य. मग बैंगनपल्लीला शिव्या घातल्या आणि कळमन्याच्या बाजारातून गावरान आंबे आणले, पुरणयंत्राच्या बारीक जाळीतून गाळून गाळून हात गेले (मिक्सर नकोच, धागे तुकडे होऊन रसातच राहतात), चव अफाट पण सकाळी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा थर जाड ओतला तर वरून चामडं, आत चिखल. ते मात्र माझंच चुकलं, अशा उन्हात वरचा पापुद्रा आधी आवळतो आणि खालचं पाणी कोंडून बसतं.

चौथ्या खेपेत एका रात्री लाइट गेली. घामाने झोप नाही, पण सकाळी पोळी कोरडी ठाक! तेव्हा कुठे ट्यूब पेटली. धूळ नको म्हणून मी ताटं रोज संध्याकाळी हॉलमध्ये आणायचो, आणि हॉलमध्ये रात्रभर कूलर. म्हणजे दिवसा मी वाळवून राहिलो अन् रात्री कूलर ओली हवा फेकून तिला पाणी पाजून राहिला, साखर तर ओल ओढतेच. आई म्हणे, "आमच्या वेळी कुठे होते बाप्पा कूलर, म्हणून वाळायच्या."

आता ताटं रात्री स्वयंपाकघरात, दार बंद, नुसता पंखा. थर २-३ मिमीच, वर मलमल, एक वाळला की दुसरा. चार थर झाले, काल सुरीने कड सोडवली आणि अख्खी पोळी एका दमात सुटली, उजेडात धरली तर केशरी काच!! शेजाऱ्यांनाही दाखवून आलो.

वजन केलं, किलोभर रसाची २१० ग्रॅम पोळी, वरची साखर अजिबात नाही. पण आंब्यात १०० ग्रॅमला साधारण १४ ग्रॅम साखर असतेच, म्हणजे वाळल्यावर पोळीचा दोन तृतीयांश भाग साखरच की! बाबांना शुगर आहे, 'बिनसाखरेची' म्हणून त्यांना डबा भरून देणार होतो, तो बेत कॅन्सल. क जीवनसत्त्वही उष्णतेने बरंच जातं, त्यासाठी आपला कच्च्या किसलेल्या कैरीचा तक्कूच बरा.

आणि लिहिता लिहिताच सुचलं, पन्ह्याचीच पोळी केली तर? उकडलेल्या कैरीचा गर, जिरं, काळं मीठ, गूळ अगदी नावाला. गोड कमी म्हणून तडकेल कदाचित, पण कैरीत पेक्टिन (जॅम घट्ट करतं ते) भरपूर असतं, धरून ठेवेल असं वाटतं. मग पाचवी खेप हापूसची नाही, कैरीचीच. २५ तारखेला नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) लागतो, त्याआधी पहिला थर घालायचा आहे. तोतापुरी कैरी कुणी वाळवून बघितलीये का?