सौर प्रकल्पाला माळ भाडेपट्ट्याने देताना : जत तालुक्यातील माझा अनुभव

सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यात माझ्या माहेरची जमीन आहे. तिच्यापैकी २२ एकरांचा खडकाळ माळ मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेखाली उभ्या राहणाऱ्या प्रकल्पासाठी भाडेपट्ट्याने देण्याची प्रक्रिया आम्ही अलीकडेच पूर्ण केली. सातबाऱ्यावर दोन भावांसोबत माझे नाव असल्यामुळे प्रत्येक कागद माझ्या हाताखालून गेला, आणि भावांना शेतीच्या कामांतून सवड नसल्याने तलाठी कार्यालय, दुय्यम निबंधक आणि भूमी अभिलेख यांच्याकडील बरीचशी धावपळही माझ्याच वाट्याला आली. प्रकल्प व्हावा असे मला मनापासून वाटत होते. मात्र तो आमच्या मालकीला धक्का न लागता व्हावा, यावर मी पहिल्यापासून ठाम होते.

योजनेची कल्पना थोडक्यात अशी आहे. शेतीपंपांना वीज पुरवणाऱ्या वाहिन्या ज्या ३३/११ केव्ही उपकेंद्रातून निघतात, त्या उपकेंद्राजवळच सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज थेट त्या वाहिन्यांना द्यायची, म्हणजे शेतकऱ्यांना दिवसा पाणी देता येते. योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. या टप्प्यातील पहिला प्रकल्प, ३ मेगावॅटचा, वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे २०२४ मध्ये सुरू झाला. एका मेगावॅटला साधारण चार ते पाच एकर जागा लागते, आणि खासगी जमीन उपकेंद्रापासून ५ किलोमीटरच्या आत असावी लागते. आमचा माळ त्या अंतरात बसत होता. त्यावर चांगल्या पावसाच्या वर्षी बाजरी आणि मटकी यायची, एरवी कुसळी गवत. ज्यांनी डिसेंबरच्या थंडीत मध्यरात्री उठून डाळिंबाला पाणी दिले आहे, त्यांना दिवसाच्या विजेचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही.

तरीही गावात विरोध होता, आणि तो सगळाच अज्ञानातून आलेला नव्हता. पवनचक्क्या आल्या तेव्हा दलालांनी आमच्या भागात फिरून एकेका खातेदाराला एकटे गाठले आणि जमिनी कायमच्या खरेदी केल्या. पुढे त्याच जमिनींचे भाव किती वाढले हे सर्वांनी पाहिले. पवनचक्क्यांमुळे ढग पळतात, ही दुष्काळाच्या वर्षांत पसरलेली समजूतही काहींच्या मनात अजून घर करून होती, आणि आता तीच पॅनेलच्या काचांना लागू करण्यात आली. ग्रामसभेत मी ढगांवर वाद घातला नाही. मी एवढेच मांडले की ही विक्री नाही, भाडेपट्टा आहे, आणि भाडेपट्ट्याचा मसुदा आम्ही सही करण्यापूर्वी ज्याला हवा त्याला वाचायला देऊ. मेंढपाळ कुटुंबांचा प्रश्न अधिक खरा होता. माळ आमचा असला तरी सुगीनंतर त्यांची मेंढरे त्यावर चरत आली आहेत, आणि त्यांना भीती होती की आज खासगी माळ गेला तर उद्या गायरानही जाईल. गायरानाला हात लावण्यापेक्षा ज्या खातेदारांची स्वतःची नापीक जमीन आहे आणि जे राजीखुशीने द्यायला तयार आहेत, त्यांचीच जमीन प्रकल्पाने घ्यावी, अशी भूमिका मी आणि शेजारच्या तीन खातेदारांनी मिळून घेतली, आणि ग्रामसभेच्या ठरावात ती नोंदवून घेतली. प्रकल्प झाल्यास ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरवर्षी ५ लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे. तिचा उल्लेख झाल्यावर सभेचा सूर थोडा मवाळ झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

घरातला विरोध वेगळ्या कारणाचा होता. थोरल्या दादांना कूळकायद्याची, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुळाला तिच्यावर हक्क देणाऱ्या कायद्याची, धास्ती होती. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनानंतर कितीतरी मालकांची जमीन कुळांच्या नावे झाली, आणि त्याच्या कहाण्या ऐकत आमची पिढी वाढली. त्यामुळे दुसऱ्याला जमीन कसायला दिली की ती गेली, हे आमच्याकडे बाळकडूसारखे पाजलेले असते. वकिलांनी त्यांना समजावले की कुळाचा हक्क जमीन कायदेशीरपणे कसणाऱ्याला मिळतो, आणि पॅनेल उभारणारी कंपनी जमीन कसत नाही. त्यांचे समाधान मात्र तेव्हाच झाले, जेव्हा जमीन फक्त सौर वीजनिर्मितीसाठी दिली आहे, तिच्यावर कोणतीही शेती करता येणार नाही आणि कंपनीला कूळ म्हणून कोणताही हक्क सांगता येणार नाही, असे स्वतंत्र कलम मसुद्यात आले.

योजनेच्या पोर्टलवर जमिनीची नोंदणी झाल्यानंतर काही काळाने प्रकल्प उभारणाऱ्या विकासक कंपनीचा प्रतिनिधी कागद घेऊन आला. त्याच्याशी माझे पहिले मतभेद झाले ते माझ्याच नावावरून. त्याने अत्यंत आदराने सुचवले, “ताई, तुम्ही भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलेत तर काम सोपे होईल, सह्या कमी लागतील.” सह्या कमी व्हाव्यात म्हणून बहिणींनी हक्क सोडायचा, ही सूचना आमच्या भागात इतकी रुळलेली आहे की ती करणाऱ्याला तिच्यात काही वावगे दिसत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हा हक्क जन्मानेच मिळतो, दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही. मी हक्कसोडपत्र दिले नाही. भावांनीही, विशेषतः धाकट्याने, मला साथ दिली, आणि भाडेपट्ट्यात तिघांची नावे, तिघांचे हिस्से आणि तिघांची स्वतंत्र बँक खाती लिहून घेतली. शेजारच्या एका खात्यावर चुलत्यांच्या मृत्यूनंतर वारस नोंदच झालेली नव्हती. त्यांच्या दोन विवाहित मुलींची नावे लागल्यानंतरच त्यांचा गट करारात घेण्यात आला. त्यात वेळ गेला आणि कंपनीच्या माणसाने पुष्कळ कुरकुर केली, पण ज्या जमिनीच्या मालकांची यादीच अपुरी आहे त्या जमिनीचा दीर्घ मुदतीचा करार पुढे कोर्टातच जाणार, हे त्यालाही ठाऊक होते.

दुसरा कागद मुखत्यारपत्राचा होता. प्रकल्पाच्या परवानग्यांसाठी आम्ही कंपनीला सर्वाधिकार असलेले आणि रद्द न करता येणारे मुखत्यारपत्र द्यावे, अशी अपेक्षा होती. माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेतला हा सर्वांत धोक्याचा कागद आहे, कारण भाडेपट्ट्यात जे देण्याचे आपण नाकारतो ते सारे अशा मुखत्यारपत्रातून मागच्या दाराने देऊन बसतो. आम्ही ते नाकारले आणि वीज जोडणी व बांधकामाच्या परवानग्यांचे अर्ज करण्यापुरते मर्यादित अधिकारपत्र दिले. त्यावर काम अडल्याचे मला तरी दिसले नाही.

मसुद्यातील भाड्याचे कलम वाचताना गणित मांडून पाहावे लागले. शासनाच्या धोरणानुसार दर हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये, म्हणजे एकरी सुमारे ५०,००० रुपये, किंवा शासनाच्या मूल्यदर तक्त्यानुसार (रेडी रेकनर) जमिनीच्या किमतीच्या ६ टक्के, यांपैकी जी रक्कम अधिक असेल ती. आणि त्यावर दरवर्षी ३ टक्के वाढ. ही वाढ मूळ दरावर सरळ पद्धतीने होते, चक्रवाढीने नव्हे. हा फरक सुरुवातीला क्षुल्लक वाटतो, पण पंचविसाव्या वर्षी सरळ पद्धतीने हेक्टरी भाडे २,१५,००० रुपये होते, तर चक्रवाढीने ते सुमारे २,५४,००० रुपये झाले असते. चक्रवाढ मागून पाहिली, ती मिळाली नाही. त्याऐवजी भाडे दरवर्षी आगाऊ, ठरलेल्या तारखेपूर्वी जमा करावे, उशीर झाल्यास व्याज द्यावे आणि ठरावीक मुदतीपर्यंत थकबाकी राहिल्यास करार संपवण्याचा हक्क आम्हाला असावा, हे मान्य झाले. प्रकल्प उभा राहिलाच नाही तर जमीन अडकून पडू नये म्हणून भाडे नोंदणीच्या दिवसापासून सुरू व्हावे, यावरही आम्ही अडून राहिलो, आणि ते मिळाले.

बाकीची कलमे वकिलांसोबत बसून एकेक करून पाहिली. कंपनी प्रकल्पासाठी कर्ज काढणार आणि बँक तारण मागणार हे उघड होते. तेव्हा कंपनीने स्वतःची यंत्रसामग्री आणि भाडेपट्ट्याचा आपला हक्क तारण ठेवण्यास आमची हरकत नाही, परंतु जमिनीच्या मालकीवर कोणताही बोजा चढवता येणार नाही, अशी वाक्यरचना झाली. प्रकल्प दुसऱ्या कंपनीला विकला गेल्यास नवी कंपनी सर्व अटींना बांधील राहील. मुदत संपल्यावर पॅनेल, खांब आणि काँक्रीटचे पाये काढून जमीन पूर्ववत करून द्यायची. विहीर, पाणंदीचा रस्ता आणि पावसाचे पाणी वाहून नेणारी ओघळ कुंपणाबाहेर राहील, आणि पॅनेल धुण्यासाठी आमच्या विहिरीचे पाणी वापरले जाणार नाही. जतमध्ये हे कलम न लिहिणे म्हणजे भांडणाला आमंत्रणच. वाद झाल्यास लवाद मुंबईत बसेल असे मूळ मसुद्यात होते, ते बदलून सांगली केले. कोरडवाहू शेतकऱ्याने मुंबईला वकील लावून भाडे वसूल करावे, ही अपेक्षा ज्याने लिहिली त्याने एसटीने तो प्रवास एकदा करून पाहावा.

कागदोपत्री कामांत सर्वाधिक वेळ मोजणीने घेतला. गटाची हद्द आणि प्रत्यक्ष बांध यांत फरक निघाला, शेजाऱ्याने हरकत घेतली, आणि भूमी अभिलेखच्या मोजणीच्या खुणा दोघांनी मान्य करेपर्यंत पुढचे काहीच हलले नाही. धाकट्या भावाच्या पीक कर्जापोटी विकास सोसायटीचा बोजा ‘इतर हक्क’ या रकान्यात होता. सोसायटीचे ना-हरकत पत्र घ्यावे लागले. अकृषिक परवानगीचा वेगळा फेरा या योजनेच्या धोरणामुळे टळला. एका वर्षापेक्षा अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृतच असावा लागतो, त्यामुळे आम्ही तिघे दुय्यम निबंधकांपुढे हजर राहिलो. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च कंपनीने करावा असे करारातच होते. त्यानंतर फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर बदलाची नोंद. तलाठ्यांनी नोटीस काढली, हरकतींसाठीचे १५ दिवस गेले, आणि मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली. नव्या उताऱ्यात कंपनीचे नाव कब्जेदार, म्हणजे जमिनीची धारक, म्हणून आले आहे का, हे मी सर्वांत आधी तपासले. ते केवळ ‘इतर हक्क’ रकान्यात, भाडेपट्ट्याच्या मुदतीसह आलेले होते. शेजारच्या एका खात्यात ती मुदत लिहायची राहून गेली होती, ती अर्ज देऊन दुरुस्त करून घेतली. माझ्या मते नोंदणीइतकेच हे तपासणे महत्त्वाचे आहे, कारण पुढच्या पिढीला करारनामा सापडेलच असे नाही, उतारा मात्र सापडतो.

पहिल्या वर्षाचे भाडे तिघांच्या खात्यांत स्वतंत्रपणे जमा झाले. हे उत्पन्न शेतीचे धरले जात नाही, त्यामुळे शेतीच्या उत्पन्नाला असलेली आयकरातील सूट त्याला लागू होत नाही. दादांना आयुष्यात प्रथमच विवरणपत्र भरावे लागणार आहे आणि त्यावरून घरात अद्याप चर्चा चालू आहे.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. प्रकल्पापासून उपकेंद्रापर्यंत जाणाऱ्या ११ केव्ही वाहिनीचे खांब अशा एका शेतकऱ्याच्या रानातून जाणार आहेत, ज्याचा या करारांशी काही संबंध नाही आणि ज्याला भाड्याचा एक रुपयाही मिळणार नाही. विद्युत कायदा २००३ खालील २००६ च्या नियमांनुसार खासगी जमिनीवर अशी कामे करण्यापूर्वी मालकाची संमती लागते, आणि ती नसल्यास जिल्हा प्रशासनाची लेखी परवानगी. खांब रोवायला आलेल्या माणसांकडे यांपैकी काहीच नव्हते. त्या शेतकऱ्याने काम थांबवले, तेव्हा आमच्या भाड्याच्या प्रकल्पाला तो आडवा आला असे काहींना वाटले. आम्ही चौघा खातेदारांनी त्याच्या बाजूने तहसीलदारांकडे लेखी निवेदन दिले आहे, त्यात बांधाच्या कडेने जाणारा पर्यायी मार्ग नकाशावर दाखवला आहे आणि पिकाच्या व जागेच्या नुकसानीचा मोबदला काम सुरू होण्यापूर्वी ठरवावा अशी मागणी केली आहे. कंपनीने बांधाकडचा मार्ग तपासायला माणूस पाठवण्याचे कबूल केले असून मोबदल्याच्या रकमेवर बोलणी सुरू आहेत.